काढता येईल असं चिलखत

जुन्या जीपला पत्रे आणि गार्ड बसवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी मोबाइल पुढे करतं. फोटोत बहुतेक वेळा लँड रोव्हर असते. मडगार्डांवर, दारांच्या खाली, मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर चकचकीत चेकर प्लेट. पुढे रेडिएटर झाकून टाकणारा जाडजूड नळ्यांचा सांगाडा. "असंच करून द्या," एवढीच मागणी. मी तो फोटो नीट बघतो, कारण त्यातलं काम बऱ्याचदा सुबक असतं. मग गिऱ्हाइकाला त्याच्याच जीपच्या मडगार्डावर बसायला सांगतो. तो बसतो. पत्रा जागचा हलत नाही.

पुढचं सगळं समजावणं तिथून सुरू होतं. लँड रोव्हर 1948 मध्ये बाहेर पडली तेव्हा युद्धातून उठलेल्या ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून तिची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. तो पत्रा लोखंडासारखा गंजत नाही, पण मऊ असतो. मडगार्डावर पाय दिला की खळगा पडतो. तिथं वरून चेकर प्लेट घालणं म्हणजे उभं राहायला जागा करणं, आणि त्या गाडीसाठी ते बरोबरच आहे. आपल्या महिंद्राच्या जीपची बॉडी लोखंडी पत्र्याची. तिच्या सपाट मडगार्डांवर बसून माणसं जत्रेला गेली, वरातीत फिरली. तिला वरून मार लागून फारसं काही होत नाही. तिचं जे वाटोळं होतं ते खालून आणि आतून होतं, आणि ते करणारा दगड क्वचितच असतो. ते पाणी करतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. ग्रिल, गेट, उसाच्या ट्रॉल्या यांवर पोट चालतं. जिपा येतात त्या ओळखीतून, एकाची बघून दुसऱ्याची. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यातल्या जास्त. काही घाट चढून मालवण-वेंगुर्ल्याहून येतात. एमएम-540 असतात, त्याआधीच्या सीजे असतात, पण माझा जीव उंच बोनेटच्या सीजे-थ्रीबीवर आहे. हे मॉडेल विलीजने 1953 मध्ये काढलं. आधीच्या जीपचं इंजिन बसकं होतं. नव्या हरिकेन इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर डोक्यात गेले, इंजिनाची उंची वाढली आणि ते मावावं म्हणून बोनेट वर उचलावं लागलं. तिकडे अमेरिकेत 1968 मध्ये हे मॉडेल बंद झालं. इकडे महिंद्राने, ज्यांनी मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग जोडून सुरुवात केली होती, ते पुढेही बरीच वर्षं बनवलं. म्हणून जगात जिथं कुठं ही जीप जपणारी माणसं आहेत, त्यांना भारतात बनलेल्या जीपची ओळख असते. आपल्याकडे मात्र ती शेतावर कोंबडीच्या खुराड्याशेजारी उभी दिसते.

असंच एक गिऱ्हाईक म्हणजे अण्णा. त्यांची थ्रीबी 1967 ची, वडिलांनी घेतलेली, पेट्रोल इंजिन अजून मूळचं. गगनबावडा तालुक्यातलं त्यांचं गाव. रस्ता संपल्यावर पुढे जांभ्या दगडाचा चढ आणि त्याच्या वर शेत. मुलगा पुण्यात नोकरीला, गाडीचं वेड त्यालाही. फोटो त्यानंच आणला होता. अण्णा बाकड्यावर बसून चहा पीत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "मिस्त्री, पोरगा सांगतोय ते बसवा. पन गाडीला नवं भोक पाडायचं न्हाई."

मला त्या वेळी ही अट म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटली नाही, आणि आज तर तीच अट मी प्रत्येक जुन्या गाडीला स्वतःहून लावतो. कारण त्या जीपला आधीच भोकं पाडलेली होती. काही वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्या दोन्ही कुशींना, पुढच्या मडगार्डापासून मागच्या चाकापर्यंत, ॲल्युमिनियमची चेकर प्लेट सेल्फ-टॅपिंग स्क्रूने ठोकली होती. बाहेरून बघाल तर जीप झकास. फक्त डाव्या बाजूची प्लेट खालच्या कडेला थोडी फुगलेली होती आणि मुलाला वाटत होतं की कुठल्यातरी बांधाला घासली असेल.

प्लेट काढायला घेतली तेव्हा पहिल्या चार-पाच स्क्रूंची डोकी नुसतीच फिरली. धरून ठेवायला आत पत्राच उरला नव्हता. खालून पटाशी घालून प्लेट उचकटली आणि आतून ओली, काळपट माती शेडच्या फरशीवर पडली. मे महिना होता, बाहेर ऊन रणरणत होतं, आणि ती माती गेल्या पावसाची ओल धरून होती. तिच्यात गवताची पांढरी मुळं होती, अंगठ्याएवढा जाड थर, मुळांनी एकत्र विणलेला. त्यामागे बॉडीचा पत्रा जाळीसारखा झाला होता. बोट लावलं की पापुद्रे निघत: वर तांबूस, आत काळे, एकावर एक. काही ठिकाणी ते पापुद्रे मूळ पत्र्याच्या कितीतरी पट जाड होते, कारण लोखंड गंजतं तेव्हा फुगतं. बाहेरची प्लेट फुगली होती ती आतल्या गंजाने ढकलून. बांधाचा त्यात काही दोष नव्हता. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो असा असतो.

असं का होतं हे एकदा कळलं की पुढचं सगळं काम बदलतं. दोन पत्रे एकमेकांवर सपाट बसवले की मध्ये केसाएवढी फट राहतेच. तिच्यात पाणी ओढलं जातं, पण वारा जात नाही, म्हणून ते सुकत नाही. उघड्या पत्र्यावरचं पाणी दुपारपर्यंत वाळतं. फटीतलं महिनोन् महिने राहतं. त्यात माती गेली की ती स्पंजासारखी ओल धरते. ॲल्युमिनियम आणि लोखंड असे दोन वेगळे धातू ओल्याने जोडले गेले की बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि त्यांतला एक धातू खचत जातो. ॲल्युमिनियम पांढरं पीठ होऊन झडतं, स्टेनलेसचा स्क्रू असेल तर त्याच्याभोवती आधी. किनाऱ्यावरच्या गाड्यांत मीठ असतं, तिथं हे जास्त वेगानं होतं. वेंगुर्ल्याच्या एका जीपची प्लेट मी हाताने फाडून काढली आहे. आणि प्रत्येक स्क्रूचं भोक म्हणजे रंगाचं कवच फोडून उघडं पाडलेलं लोखंड. संरक्षणासाठी लावलेल्या प्लेटने त्या जीपचं जेवढं नुकसान केलं, तेवढं जांभ्याच्या चढाने इतक्या वर्षांत केलं नव्हतं.

अण्णा उठून जवळ आले, कुशीवरून हात फिरवला. काही बोलले नाहीत. मुलगा मात्र खूप वेळ फोनवर होता, बहुतेक आईशी.

पत्र्याचं काम थोडक्यात सांगतो, कारण ते कुठलाही चांगला डेंटर करतो. सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा, त्याच गेजचा नवा तुकडा काठाला काठ भिडवून बसवायचा, लहान लहान टाके मारत जायचं म्हणजे पत्रा तापून पोळीसारखा फुगत नाही. एकच गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. सीजे-थ्रीबीची पेट्रोल टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. त्या बाजूला ठिणगी उडवायच्या आधी टाकी काढून शेडच्या बाहेर, लांब ठेवायची. पेट्रोल काढून टाकलं म्हणून टाकी निर्धोक होत नाही. आत वाफ राहते आणि वाफेने भरलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक. माझ्या शेडमध्ये नव्याने आलेल्या पोराला मी ग्राइंडर हातात देण्याआधी हे शिकवतो.

आता प्रश्न उरला तो मुलाच्या फोटोचा. कुशींना परत काही चिकटवायचं नाही हे सगळ्यांना पटलं होतं. पण चढावर खालची कड दगडाला घासते हे खरं होतं. उजव्या बाजूला तिचा खळगा दिसत होता. शिवाय चिखलात रुतलेली जीप उचलताना जॅक कुठं लावायचा हा कायमचा घोर. बॉडीच्या कडेला लावला तर पत्रा दुमडतो. तेव्हा कडेच्या खालून, बाहेरच्या अंगाला एक नळी हवी, जी दगडाचा मार घेईल आणि गाडीचं वजनही पेलेल.

इथं बहुतेक लोक नळी बॉडीलाच बोल्टने आवळतात, किंवा अर्धी बॉडीला, अर्धी चेसीला. दोन्ही वाईट, आणि दुसरं जास्त वाईट. जीपची बॉडी चेसीवर बसवलेली असते ती रबराच्या पॅकिंगवर, आणि मुद्दाम. चेसी शिडीसारखी असते. एक चाक दगडावर चढलं की ती पिळवटते, आणि त्या पिळामुळे चारही चाकं जमिनीवर टेकून राहायला मदत होते. बॉडी त्या पिळापासून थोडी सुटी राहावी म्हणून मध्ये रबर. आपण लोखंडी नळीने बॉडी आणि चेसी एकत्र बांधली की तो पीळ थेट पत्र्यात जातो. मग दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात चीर पडते. ती चीर वेल्ड केली की शेजारी दुसरी पडते. मालक पत्र्याला नावं ठेवतो, वेल्डरला नावं ठेवतो, आणि खरं कारण खाली लोंबकळत असतं.

म्हणून नळी फक्त चेसीला. आम्ही 48 मिलीमीटर बाहेरच्या व्यासाची, 3.2 मिलीमीटर जाडीची नळी घेतली. मीटरला साडेतीन किलोच्या आसपास वजन पडतं. जाड घेण्याचा मोह होतो, पण ही जीप मुळात हलकी, टनाच्या आतबाहेरची. तिच्या गळ्यात लोखंड अडकवत गेलं की पाटे बसतात, ब्रेक अपुरे पडतात आणि चढावर इंजिनाचा जीव जातो. दोन्ही बाजू ब्रॅकेट धरून वीसेक किलोत बसवायच्या असं ठरवूनच सुरुवात केली.

चेसीलाही भोक पाडायचं नव्हतं. तिच्या पट्टीच्या वरच्या किंवा खालच्या काठाला भोक पाडणं तर कुठल्याच गाडीत करू नये. सगळा ताण त्या काठांवर असतो. वेल्डिंगही नको, कारण टाक्याच्या शेजारचं लोखंड ठिसूळ होऊन पुढे तिथूनच तडकू शकतं. राहिला यू-बोल्ट. पण चेसीची पट्टी जिथं एका बाजूने उघडी असते तिथं यू-बोल्ट आवळला की तिचे ओठ आत दबतात. आम्ही प्रत्येक ब्रॅकेटच्या जागी त्या पोकळीत बसेल असा लोखंडी ठोकळा लेथवाल्याकडून करून घेतला, ठोकळ्याला खालून पाणी निथळायला खाच ठेवली, आणि मग आवळलं. ब्रेकची नळी चेसीला लागूनच जाते. ती कुठंही दाबली जात नाही ना, हे मी बॅटरीच्या उजेडात प्रत्येक ठिकाणी बोट घालून बघितलं. बोट जात नसेल तर ब्रॅकेट सरकवायचा, वाद नाही.

मग नळी आणि बॉडीची कड यांच्यात अंतर किती? हे पुस्तकातून काढता येत नाही, कारण प्रत्येक जुन्या चेसीचा पीळ वेगळा. वेल्डिंग रॉडचं रिकामं खोकं फाडून त्याच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या केल्या. नळी तात्पुरती अडकवली, फटीत पुठ्ठ्याचे दोन-दोन पदर सरकवले. पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवलं. चेसी कुरकुरली. डाव्या बाजूच्या पुढच्या पट्टीला हात लावला तर ती घट्ट पकडली गेली होती, ओढून निघेना. मागची पट्टी मात्र आपोआप गळून फरशीवर पडली होती. उभ्या गाडीत सरळ दिसणारी फट आता एका टोकाला मिटली होती, दुसऱ्या टोकाला रुंदावली होती. मुलगा गुडघ्यांवर बसून बघत होता. त्यानं फोन खिशात घातला तो परत काढला नाही. नळी खाली घेत घेत, ठोकळे बदलत, शेवटी पीळ पूर्ण असतानाही करंगळी जाईल एवढी जागा राहिली तिथं ब्रॅकेट पक्के केले. उभ्या गाडीत ते अंतर नजरेला जरा जास्त वाटतं. वाटू द्यावं.

खाली बघण्यासारखं आणखी होतं. थ्रीबीच्या स्टीअरिंगमध्ये पुढच्या आडव्या पट्टीवर बेल क्रँक नावाचा एक तुकडा असतो. स्टीअरिंगकडून येणारी दांडी त्याला ढकलते आणि तो दोन्ही चाकांच्या टाय रॉडना. हा तुकडा गाडीच्या नाकाखाली उघडा असतो. तोडलेल्या झाडाचा बुंधा गवतात लपलेला असला तर पहिला मार त्यालाच. तिथं मार लागला की गाडी वळायचीच थांबते. माझ्या मते या जीपच्या सगळ्या अंगात संरक्षणाची खरी गरज असलेली जागा ही, आणि गिऱ्हाईक दाखवतं त्या फोटोंत ती कधीच नसते. आम्ही पाच मिलीमीटर पत्र्याची तिरकी ढाल केली, पुढून मागे उतरती, म्हणजे बुंधा आला तर अडकण्याऐवजी गाडी त्यावरून सरकेल. ग्रीसच्या निपलपर्यंत ग्रीसगनचं तोंड पोचावं म्हणून मोठं भोक ठेवलं. आपल्या पत्र्याला भोकं हवी तेवढी पाडावीत. गाडीच्या पत्र्याला नाही.

मधल्या भागात, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या खाली, चेंबर गार्ड. पाच मिलीमीटरचा एक चौरस मीटर पत्रा एकोणचाळीस किलो भरतो, म्हणून मोजून मापून लहान ठेवला. ऑइल काढायच्या नटाखाली भोक, म्हणजे ऑइल बदलायला गार्ड उतरवावं लागत नाही. बोल्टची डोकी पत्र्यात बुडवली, नाहीतर पहिल्याच दगडावर ती घासून जातात आणि मग उघडायला गॅस कटर लागतो. आणि एक काळजी आमच्या भागातली खास. दिवाळीनंतर सड्यावरचं, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावरचं, गवत वाळून पिवळं होतं आणि कमरेएवढं असतं. त्यातून गाडी गेली की ते गार्डच्या वर भरत जातं, सायलेन्सरच्या पाइपला टेकतं आणि पेटतं. मी मागची बाजू उघडी ठेवली आणि पुढे आडवी पट्टी दिली नाही, म्हणजे गवत शिरलं तर मागून निघून जाईल. तरी अण्णांना सांगितलं, सड्यावरून आलात की खाली वाकून बघायचं, मूठभर जरी असलं तरी ओढून काढायचं.

फोटोतला पुढचा सांगाडा मी केला नाही. कधीच करत नाही. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवलं की असे क्रॅश गार्ड आणि बुल बार बेकायदा आहेत, कारवाई करा. कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड होऊ शकतो. पण कायदा नसता तरी मी ते केलं नसतं. गावातून जाताना पुढे पोर आलं, म्हातारी आली, तर त्या नळ्या बरोबर छातीच्या, डोक्याच्या उंचीला असतात. आणि गाडीचाही फायदा नाही. सगळा धक्का चेसीच्या दोन टोकांत जातो, ती वाकते. थ्रीबीला मूळचा लोखंडी बंपर आहे, सरळ पट्टीचा, तो पुरेसा आहे. या नकारामुळे काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली आहेत, पुढेही जातील. अण्णांच्या मुलालाही पटायला वेळ लागला. त्याला मी एवढंच म्हटलं, की नळ्या आणि गार्ड बसवण्याआधीसुद्धा एकदा आरटीओत कागद घेऊन विचारून या. तो गेला, विचारून आला, मगच हात घातला.

तिथूनच त्यानं आणखी एक गोष्ट आणली. 2021 मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपात सांभाळलेली, चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी असेल तर तिला नंबरात व्हीए अक्षरं असलेली वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र मग ती गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, अशा कारणांपुरतीच रस्त्यावर. अण्णांची जीप आज शेतावर खत वाहते, त्यामुळे आत्ता तो प्रश्न नव्हता. पण मुलाच्या मनात पुढचं होतं. आणि मला अण्णांची अट नव्यानं पटली. उद्या ही जीप जशी 1967 मध्ये होती तशी उभी करायची ठरली तर पाना घेऊन एका दुपारी आपण लावलेलं सगळं उतरलं पाहिजे आणि खाली आपली एकही खूण राहता कामा नये. गाडी वडिलांची आहे, पुढे मुलाची होईल. आपण मधले. आपल्या कामाने तिचं पुढचं दार बंद होऊ नये.

म्हणून चेसी आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये सगळीकडे रबराची पट्टी घातली, दोन लोखंडं थेट भिडू दिली नाहीत. नळीची टोकं बंद केली आणि खालच्या बाजूला निथळायला बारीक भोकं ठेवली. आत पाणी कोंडलं तर ती आतून सडते. रंगासाठी मुलाला पावडर कोटिंग हवं होतं. दिसायला ते देखणं असतं यात शंका नाही. पण दगडाने एकदा टवका उडाला की पाणी त्याच्या कातडीखाली सरकत जातं आणि वरून महिनोन् महिने काही कळत नाही. खाली मार खाणाऱ्या वस्तूला मी इपॉक्सी प्रायमर आणि साधा काळा इनॅमल देतो. टवका उडाला तर उघड दिसतो, डबा-ब्रश घेऊन घरी कुणीही भरतं. बॉडीच्या खालच्या पन्हळी, ज्यांत चिखल बसतो, त्या हवेच्या दाबाने साफ करून आतून मेणाचा फवारा मारला. युद्धातल्या जीपच्या याच पन्हळींत लाकडाच्या पट्ट्या घातलेल्या असत. त्या ओल धरत आणि तळ सडत असे. पाण्याला वाट द्यायची हा धडा या गाडीला जन्मापासून मिळालेला आहे.

जीप घेऊन जाताना अण्णांनी कुशीवर हात ठेवला. जुन्या भोकांच्या जागी आता सपाट, रंगवलेला पत्रा होता, त्याच्यावर काहीही लावलेलं नव्हतं. "आता कशी उघडी दिसतिया," म्हणाले. नाराज नव्हते. मी म्हटलं, "अण्णा, उघडी हाय म्हणूनच वाळंल."

दसऱ्याच्या आधी बापलेक परत आले. पाऊस संपला की एकदा सगळं उतरवून बघायचं हे ठरलेलं होतं, आणि हे ठरलेलं पाळणारी गिऱ्हाइकं थोडी असतात. मी पाना मुलाच्या हातात दिला. त्यानंच चेंबर गार्ड उतरवलं, नळ्या सोडवल्या. बेल क्रँकच्या ढालीवर दोन लांब, चकचकीत ओरखडे होते, पुढून मागे गेलेले. म्हणजे काहीतरी आलं होतं आणि गाडी त्यावरून सरकून गेली होती. क्रँकला धक्का नव्हता. नळीचा उजवा मधला भाग खरवडला गेला होता, तिथं गंजाची पहिली पिवळट झाक होती. घासून प्रायमर लावला. चेंबर गार्डमध्ये ओंजळभर चिखल, तोही सुकलेला. मागच्या डाव्या ब्रॅकेटखालचं रबर काठाला कापलं गेलं होतं, ते बदललं आणि त्या जागी ब्रॅकेटची धार फायलीने गोल केली. कडेखालच्या फटीत मी करंगळी फिरवली. सगळीकडून गेली.

बोल्ट परत आवळताना मुलानं विचारलं की घरी हे करायचं तर काय काय लागेल. एकोणीसचे पाने दोन, कारण नट फिरताना वरचं डोकं धरावं लागतं. तारेचा ब्रश, प्रायमरचा लहान डबा, आणि सायकलच्या ट्यूबपेक्षा जाड असं रबर फूटभर. त्यानं ते फोनवर टिपून घेतलं आणि अण्णांनी पाने आजच घेऊन ठेवू म्हणून त्याला शाहूपुरीकडे पिटाळलं.